दोन शब्दांचा साहेब

नववीच्या वर्गाला इतिहास शिकवताना पुस्तकाबाहेरची एखादी हकिकत सांगायची आम्हांला सवय आहे. अशीच एकदा एका गोऱ्या लेफ्टनंटची हकिकत सांगितली. मुले ती विसरली असतील. आम्हांला मात्र ती अजून सलते.

लेफ्टनंटचे नाव विन्स्टन चर्चिल. पुढे तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही सांगत होतो तो विशीतला, घोडदळाच्या पलटणीतला कनिष्ठ अंमलदार. १८९६ साली तो मुंबईत उतरला. ससून डॉकच्या पायऱ्यांवर होडीतून चढताना त्याचा खांदा निखळला आणि ते दुखणे जन्मभर मागे लागले. पुण्याला गणेशखिंडीत गव्हर्नरकडे मेजवानी झाली आणि मग तो बंगळूरच्या छावणीत गेला. सकाळी कवायत, दुपारी वाचन, संध्याकाळी पोलो. दाढीसुद्धा नोकरच करी.

पुढच्या वर्षी २२ जूनला त्याच गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. महिनाभराने, २६ जुलै १८९७ रोजी, दूर सरहद्दीवर पठाणांनी मलाकंदच्या छावणीवर हल्ला चढवला. १८९३ मध्ये इंग्रजांनी अफगाण अमीराशी करार करून डोंगरांतून सीमारेषा ठरवली होती. त्या डोंगरांत राहणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. मग रस्ते आले, चौक्या आल्या.

चर्चिल तेव्हा रजेवर विलायतेत होता. बातमी कळताच जनरल ब्लड यांना तार करून तो निघाला. फौजेत जागा नव्हती म्हणून आधी वर्तमानपत्राचा बातमीदार झाला. एका रकान्याला पाच पौंड मिळत. त्याला पदक हवे होते, नाव हवे होते. आईला लिहिलेल्या पत्रांत त्याने ते लपवलेले नाही. लढाईत सारे आडोसा घेत, तेव्हा हा करड्या घोड्यावरून उघड्यावर फिरे.

अशा तरुण अंमलदारांची एक रीत होती. कोणी मारला गेला की त्याचे सामान छावणीत लिलावात निघे. चर्चिलने आपली सामग्री अशीच मेलेल्यांच्या सामानातून घेतली. काही आठवड्यांनी, आदल्या दिवशी डोळ्यांदेखत मारल्या गेलेल्या मित्राची दोरी स्वतःच्या खांद्यावर अडकवताना तो चरकला. ते त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

१६ सप्टेंबरला मामुंद खोऱ्यात मोठी चकमक झाली. ३५ वी शीख पलटण मागे हटताना अडकली, तेव्हा गाइड्सची पलटण मदतीला धावली. गाइड्समध्ये पठाणही होते. म्हणजे समोर पठाण आणि इकडेही पठाण. दोन्हीकडे नमाजाची वेळ एकच. वर्गात हे सांगताना आमची जीभ जरा अडखळली. ‘आपले’ कोण, असे मुलांनी विचारले असते तर?

त्यानंतर फौजेने खोऱ्यातली गावे एकेक करून उद्ध्वस्त केली. घरे पाडली, बुरूज उडवले, सावलीची झाडे तोडली, पिके जाळली, विहिरी बुजवल्या. चर्चिलने हेही लिहिले, जमाखर्च लिहावा तसे.

अंमलदार कमी पडले, तेव्हा त्याला ३१ व्या पंजाब पलटणीत नेमले. शिपायांची भाषा त्याला येत नव्हती. हातवारे आणि आपले दोन शब्द, ‘मारो’ आणि ‘चलो’, एवढ्यावर त्याने काम भागवले. जोडीला शिकाऱ्यांची एक इंग्रजी आरोळी. पुढे आत्मचरित्रात त्याने हे गमतीने सांगितले आहे.

वर्ग हसला. आम्हीही हसलो. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, आप बी तो हमको दोच लफ्ज बोलते. चुप, और लिखो.”

हा मुलगा घरी कोकणी बोलतो. उर्दूत अडखळतो म्हणून आम्ही त्याला वर्षभर गप्पच बसवला होता. बी.एड.ला आम्ही मुलाच्या घरच्या बोलीवर दोन पाने उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते! त्या दिवशी मात्र आम्ही रागावलो आणि त्याला उभे केले. तास संपेपर्यंत तो उभाच होता.

रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावर जाऊन बसलो. म्हटले, “कालची हकिकत तुझ्या बोलीत सांग.” बराच वेळ तो खाली बघत राहिला. मग बोलू लागला. काही शब्द आम्हांला कळले नाहीत. आम्ही विचारले, त्याने समजावले.

शेवटी त्याने विचारले, विहिरी बुजवल्यावर तिथल्या बायका पाणी कुठून आणत असतील? त्याची आई उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून पाण्याला जाते.

हा प्रश्न त्या साहेबाला पडला नव्हता. खरे सांगायचे तर आम्हांलाही पडला नव्हता.