खानाकडची माणसं

ताम्हिणीत जुलै महिन्यात स्प्रे मारू नये, हे मला चाळीस सैनिकांचं वाटोळं झाल्यावर कळलं. हवेत इतकी ओल, की मॅट वार्निश वाळताना त्यावर पांढरट थर धरला. आठ महिने खपून रंगवलेली माणसं धुक्यात उभी असल्यासारखी दिसायला लागली. बाहेर घाटातही तेच चाललेलं.

तर, माझा छंद सांगतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो. शनिवार-रविवार गावी आबांकडे, म्हणजे आजोबांकडे येतो आणि जेमतेम इंचभर उंचीचे सैनिक रंगवतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले, रेझिनचे, २८ मिलिमीटर स्केलचे. पायाखाली चिकटवायला अंगणातली लाल माती चाळून, तव्यावर भाजून घेतो. मग टेबलावर दोन फौजा मांडायच्या, मोजपट्टीने चाल मोजायची, फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा. हा खेळ जुना आहे. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं नियमांचं पुस्तकच लिहिलं होतं. खूप लोक रोमन किंवा नेपोलियनच्या फौजा जमवतात. मी मावळे जमवतो, कारण माझी सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यापासून झाली.

तेव्हा आम्ही पुण्यात चाळीत राहायचो. दगड, गोणपाट, चिखल, वर पेरलेले अळीव आणि कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे. शत्रू मात्र विकत मिळायचा नाही. मग जत्रेतले प्लॅस्टिकचे हिरवे, बंदूकवाले सैनिक शत्रू व्हायचे. चाळीत एक मित्र होता. ते हिरवे सैनिक कायम त्याच्याकडे. कुणी बसून ठरवलं नव्हतं. त्याच्या नावावरून ते आपोआप ठरलं होतं. दरवर्षी तो हरायचा. मन लावून, आवाज काढून हरायचा. एका दिवाळीला तो म्हणाला, “आज मी तानाजी होतो.” सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या वर्षी तो किल्ल्यावर आला नाही.

मोठेपणीच्या या खेळाला दोन फौजा लागतात. मी उंबरखिंडीची लढाई निवडली, कारण ती आमच्याच डोंगररांगेतली. फेब्रुवारी १६६१. शायिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसलेला. त्याने कारतलबखानाला कोकणात धाडलं. खान लोणावळ्याजवळून, कुरवंडा घाटाने उतरला. खाली चिंचोळी वाट, दाट रान, प्यायला पाणी नाही. पुढून महाराजांनी वाट अडवली, मागून नेताजी पालकरांनी.

खानाच्या साठ माणसांसाठी मी हिरव्या रंगाची मोठी बाटली आणली होती. मग कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’चं मराठी भाषांतर वाचायला घेतलं. खानाबरोबर कोण होतं? माहूरची रायबागन. शिवाय कोकाटे, जाधव. माझ्या वर्गात तीन जाधव होते. गणवेश तर दोन्हीकडे नव्हताच. बाटली तशीच राहिली. झाडांना थोडी वापरली.

एका रात्री लाइट गेली होती. आबांनी बॅटरीच्या उजेडात एक सैनिक उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “मुंडासं आसं न्हाई बांधत.” खांद्यावरचा टॉवेल काढून डोक्याला गुंडाळून दाखवला. मी म्हटलं, “आबा, तो खानाकडचा आहे.”

“मग काय झालं? त्याला ऊन लागत न्हाई व्हय?”

मी साठही मुंडाशी पुन्हा केली.

ती लढाई कत्तलीने संपली नाही. तहानेने फौज हैराण झाली, रायबागनने खानाला शरण जायचा सल्ला दिला, खानाने खंडणी भरली आणि महाराजांनी त्याला जाऊ दिलं. म्हणून माझ्या नियमात खानाकडून खेळणाऱ्याला मारामारी जिंकावी लागत नाही. जितकी माणसं जिवंत बाहेर काढेल, तितके गुण.

पांढऱ्या पडलेल्या सैनिकांवर ग्लॉस वार्निशचा हात दिला, तेव्हा बरंचसं धुकं निवळलं. दिवाळीच्या आधी चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्या मित्राचा नंबर काढला. पौडमार्गे बाइकवर तो रविवारी आला. मला सॉरी म्हणायचं होतं. पोहे खाताना बोलणं निघालं ते खड्ड्यांचं आणि पेट्रोलचं.

टेबलाशी आल्यावर तो थांबला. “माझे कुठले?”

“फासा टाक. जास्त पडेल त्याने निवडायचं.”

त्याला पाच पडले, मला दोन. त्याने बराच वेळ दोन्ही फौजा पाहिल्या. मग नेताजी पालकरांच्या तुकडीवर हात ठेवला. “आधी हे. मग बाजू बदलू.”

मी खान झालो. साठातले एकोणीस बाहेर काढले. दुसऱ्या डावात त्याने सत्तावीस काढले आणि उरलेला दिवसभर ते ऐकवलं.

सॉरी म्हणालो ते संध्याकाळी, सैनिक डब्यात भरताना. त्याने एक मावळा स्पंजच्या खाचेत नीट बसवला. म्हणाला, “तुझ्याकडे तानाजी नाहीये.”

नव्हताच. आता रंगवतोय. डिसेंबर लागलाय, हवा कोरडी आहे.