उचल आणि अतिचार

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत खाद्यपदार्थांचा एक मध्यम कारखाना आहे. मालक जुन्या मोंढ्यातील धान्य-साखरेच्या व्यापारी घराण्यातले. आजोबांच्या काळापासून त्यांच्या पेढीचा एक नियम आहे. पोते उघडून, मूठभर माल हातावर घेऊन पाहिल्याखेरीज तो वखारीत जात नाही. घरात पाणी गाळून पितात, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते आणि बाजारातून आणलेल्या पुड्यावरची घटकांची बारीक यादी घरातील लहान मूलही वाचून घेते.

एके दिवशी माल घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून प्रश्नावली आली. तीत एक प्रश्न होता : आपल्या आवारातील अथवा आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडील कोणी कामगार आगाऊ रकमेपोटी बांधला गेला आहे काय? शेठजींनी विचार करण्याची गरजच न वाटून 'नाही' या शब्दापुढे खूण केली. हिशेब पाहणारी सून सीए आहे. तिने तो कागद पुढे पाठवला नाही. ती एवढेच म्हणाली, "पप्पाजी, पोते न उघडता आपण कधी माल उतरवून घेतला आहे का?"

पोते उघडले गेले. पॅकिंग विभागातील कामगार कंत्राटदाराचे होते. हजेरीपट आणि वेतनपत्रक चोख होते. परंतु कंत्राटदाराच्या खिशात एक वेगळी वही होती आणि तीत प्रत्येक नावापुढे 'उचल' असा रकाना होता. कोणी आईच्या आजारपणासाठी, कोणी बहिणीच्या लग्नासाठी रक्कम घेतली होती. वेतन बँकेत जमा होई, मात्र एटीएम कार्डे कंत्राटदाराच्या कपाटात असत. खोलीभाडे आणि किराणा वजा जाता हाती येणारी रक्कम इतकी तुटपुंजी असे की उचल फिटण्याऐवजी वाढे. एका तरुणाला गावी लग्नाला जायचे होते. 'आधी बाकी फेड', असे उत्तर त्याला मिळाले होते. कंत्राटदार काही दुष्ट मनुष्य नव्हता. बँकेने दारात उभे केले नसते अशांना त्याने अडचणीच्या वेळी पैसे दिले होते. गुंतागुंत होती ती येथेच.

शेठजींना प्रथम वाटले, हे परदेशी कंपन्यांचे नवे खूळ असावे. ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला आणि वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड व त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना याविषयी दरवर्षी निवेदन देणे भाग पाडले, हे खरे आहे. आपल्याकडेही 'सेबी'ने आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना मानवी हक्कांसंबंधीचा तपशील अहवालात देणे बंधनकारक केले आहे. मोठी कंपनी लहान पुरवठादाराला प्रश्न विचारते ती त्यामुळेच. परंतु आपला स्वतःचा कायदा या दोहोंहून जुना आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगार पद्धती रद्द झाली. उचल देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरत नाही. परंतु उचलीपोटी माणसाला काम सोडण्याचे, दुसरीकडे काम धरण्याचे किंवा मोकळेपणाने फिरण्याचे स्वातंत्र्य उरत नसेल, तर ती वेठबिगारी होते. मग ते कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. वाद उद्भवला तर हे वेठबिगारीचे कर्ज नव्हे हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर असतो. एरवीच्या सावकारी व्यवहारात पुरावा ऋणकोकडे मागितला जातो, येथे तो धनकोकडे मागितला जातो. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच होय.

सुनेने दुसरा प्रश्न काढला तो साखरेचा. मराठवाड्यातील माणसाला ही कथा परकी नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादम पती-पत्नीच्या जोडीला हंगामाआधी उचल देतो. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात, म्हणजे माणसे मोजली जातात ती हत्याराच्या नावाने. एक दिवस आजारपणात गेला की 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हंगामाअखेर तोडलेल्या उसाच्या वजनातून उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. कर्ज आहे, पण त्याचा ना उतारा, ना लेखी व्याजदर, ना परतफेडीची पावती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने याच फडांतील साखरेचा माग जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत काढला. तो माग मोंढ्यातील वखारीपर्यंतही काढता येतो. तेथपर्यंतचे अंतर तर फारच थोडे आहे.

पर्युषणात शेठजी नेहमीप्रमाणे प्रतिक्रमणाला बसले. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार त्यांना लहानपणापासून पाठ आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आजवर हे शब्द ऐकताना त्यांच्या डोळ्यांसमोर दावणीचा बैल उभा राही. त्या वर्षी कपाटातली एटीएम कार्डे उभी राहिली. बंध म्हणजे दोरखंडच असला पाहिजे, असे कोठे आहे? अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरून आणलेला माल विकत घेणे हाही एक आहे. स्वतः चोरी केली नाही एवढ्याने श्रावक मोकळा होत नाही. मग ज्या मालात कोणाची मजुरी दडपलेली आहे, त्याची स्वस्त खरेदी कोणत्या खात्यात मांडायची?

त्या रात्री शेठजींनी कंत्राटदाराशी झालेला करार स्वतः वाचला. मग किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा आणि कंत्राटदाराचे कमिशन यांची बेरीज मांडून पाहिली. ती कराराच्या दरात बसतच नव्हती. हा दर त्यांनीच घासाघीस करून ठरवला होता आणि त्या वेळी त्याचे त्यांना मोठे समाधान वाटले होते. कंत्राटदाराची ती वही त्याच तुटीतून जन्मली होती. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. या तुटीला मात्र मूळ मालकाची सहीच होती.

दर वाढवला गेला. कार्डे ज्याची त्याला परत मिळाली. अडचणीतल्या कामगाराला यापुढे कारखानाच लेखी आणि बिनव्याजी रक्कम देईल, हप्ता लहान राहील आणि बाकी असतानाही काम सोडता येईल, असे ठरले. कामगारांशी बोलायला महिन्यातून एकदा सून स्वतः, कंत्राटदाराला बाहेर ठेवून, बसू लागली. नफ्याला खार लागला. धाकट्या मुलाने तो आकड्यांत मांडून दाखवला आणि आकडे बरोबर होते. साखरेबाबत दलालामार्फत कारखान्याकडे विचारणा केली. उत्तर आले नाही. प्रश्नावलीतील 'नाही' खोडून शेठजींनी लिहिले : 'आमच्या आवारात असे होते, ते दुरुस्त केले आहे. साखरेविषयी विचारणा केली आहे, खात्री देता येत नाही.' असे लिहिल्याने ऑर्डर जाईल, ही धास्ती घरात सर्वांना होती. कागद तसाच गेला.

लग्नासाठी गावी गेलेला तो तरुण परतला नाही. पुण्याकडे त्याला दुसरे काम मिळाल्याचे कळले. वर्षाअखेर हिशेब मिटवताना शेठजी म्हणाले, "त्याची बाकी बुडीत खात्यात टाक."

सून म्हणाली, "बुडीत कशी, पप्पाजी? ते कर्ज कायद्याने केव्हाच संपले होते. आपण फक्त वहीत उशिरा लिहितो आहोत."

शेठजींनी पेन घेतले आणि त्या नावापुढची ओळ स्वतःच्या हाताने बंद केली.