कंबर, पोट आणि पट्टा

मराठीच्या शिक्षकाला तांबड्या शाईची एक प्रकारची धुंदी असते. तीस वर्षे वह्या तपासल्यावर हात डोक्याच्या आधी चालू लागतो. ऱ्हस्वाचे दीर्घ होते, सुटलेला अनुस्वार जागेवर बसतो आणि इंग्रजी वळणाचे वाक्य दिसले की त्याखाली आपोआप रेघ ओढली जाते. अशाच एका रेघेची ही हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना मी ‘माझी आई’ हा निबंध लिहायला दिला होता. विषय इतका जुना, की चाळीस वह्यांतून बहुधा एकच आई चाळीस वेळा भेटते. त्या गठ्ठ्यात एका मुलाने लिहिले होते : ‘बाबांचा कारखाना बंद झाला. तेव्हा आईने पोटाला पट्टा बांधून ताईला कॉलेजात घातले.’ मी थबकलो. ‘टायटन युवर बेल्ट’ हा इंग्रजी वाक्प्रचार आठवला आणि वाटले, दूरदर्शन-वर्तमानपत्रांतले भ्रष्ट मराठी आता आमच्या आठवीपर्यंत पोचले! रेघ ओढली, समासात लिहिले : ‘इंग्रजी वळण टाळा. कंबर कसून.’ एवढ्यावर थांबतो तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी वर्गात ते वाक्य वाचून दाखवले आणि विचारले, “काय रे, तुझी आई पट्टा कधीपासून वापरू लागली?” वर्ग हसला. मुलगा मान खाली घालून बसला.

मधल्या सुट्टीत तीच गंमत मी एका गुजराती सहकाऱ्यांना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, “एमां भूल शी छे, साहेब? पेटे पाटा बांधीने छोकरीने भणावी, एम ज ने?”

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. जन्म बडोद्यात गेला, भाजीवालीपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांशी गुजराती बोलत आलो. ‘पेटे पाटा बांधवा’ हा प्रयोग शंभरदा कानांवरून गेला असेल. पाटा म्हणजे कापडाची पट्टी, जखमेवर बांधतात तशी. भुकेल्या पोटावर ती आवळून बांधायची आणि वाचलेला घास मुलांच्या ताटात घालायचा, हा त्याचा अर्थ. मुलाने ‘पाटा’चा ‘पट्टा’ केला होता, इतकेच. कारण मराठीत पाटा म्हटला की वरवंटा आठवतो. ते वाक्य साहेबाच्या देशातून आले नव्हते. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून आले होते.

आणि मी सुचवलेली दुरुस्ती? ती तर सपशेल चुकीची होती. ‘कंबर कसणे’ म्हणजे कामाला सिद्ध होणे. अंगावरचे वस्त्र सैल असेल तर धावताना, झुंजताना ते पायांत येते. म्हणून शेला कमरेला घट्ट गुंडाळायचा. बाई पदर खोचते, पहिलवान लंगोट कसतो, संस्कृतातला वीर ‘बद्धपरिकर’ होतो, आणि सभेत भाषण करणारा पुढारी ‘कटिबद्ध’ असतो. इंग्रजीतही याच अर्थाचा वाक्प्रयोग आहे, पण तो पट्ट्याचा नाही. १६११ साली निघालेल्या त्यांच्या बायबलच्या भाषांतरात कंबर बांधून सज्ज होण्याची आज्ञा वारंवार येते; तेथेही लांब पायघोळ झगे घालणारी माणसे होती.

पट्टा आवळण्याची गोष्ट मुळातच निराळी. विजारीच्या पट्ट्याला भोके असतात. पोट खपाटीला गेले की विजार सैल होते आणि पट्टा एक भोक आत घ्यावा लागतो. कंबर कसणाऱ्याला पुढे काही करायचे असते. पट्टा आवळणाऱ्याला काहीतरी सोडावे लागलेले असते. धोतर-लुगड्याच्या आपल्या संसारात भोकांचा पट्टा नव्हता, म्हणून मराठीने ही व्यथा थेट पोटावरच नोंदली आणि ‘पोटाला चिमटा घेणे’ म्हटले. सरकारने खर्चात काटकसर करायचे ठरवले, की हल्ली बातमीत ‘सरकारने कंबर कसली’ असे छापून येते, तेव्हा हाच घोटाळा झालेला असतो. तो घोटाळा मी एम. ए. होऊन केला होता.

त्या संध्याकाळी कोश उघडून बसलो, तेव्हा आणखी एक चपराक बसली. मी शुद्ध म्हणून लिहून दिलेली ‘कंबर’ मुळात फारसी. त्या भाषेत ‘कमर’ म्हणजे कटी आणि कटीचा पट्टाही. ज्या ‘पट्ट्या’खाली मी रेघ ओढली, तो मात्र संस्कृत ‘पट्ट’ शब्दाच्या वंशातला. आपल्याकडचा ‘कमरबंद’ इंग्रजांनी नेला आणि ‘कमरबंड’ या नावाने मेजवानीच्या पोशाखात आजही तो ते मिरवतात. उलट ‘कमरेखालचा वार’ आपण त्यांच्याकडून घेतला. मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरू नये, असा दंडक जॅक ब्रॉटनच्या १७४३ च्या नियमांतच होता. ‘कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे’ तेवढे अस्सल आपले. त्या दिवशी वर्गात मी केले, ते त्याहून फारसे वेगळे नव्हते.

शब्दांच्या या देवघेवीचे बडोदेकराला तरी आश्चर्य वाटू नये. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात आपली माणसे येथे आली आणि तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुऱ्यातले आपले मराठी गुजरातीच्या मांडीला मांडी लावून बसले आहे. महाराजा सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. राज्यकारभाराचे शब्द प्रजेला कळावेत म्हणून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश १९३१ मध्ये निघाला. त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. ज्या नगरीत राजाने भाषांना एका पंगतीला बसवले, तेथे एका मुलाच्या वाक्याला मी पानावरून उठवले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला कार्यालयात बोलावले. विचारले, “हे वाक्य तुला कोणी सांगितले?”

“शेजारच्या मासी आईला तसं म्हणतात, सर.” थोडे थांबून तो म्हणाला, “आई रात्री म्हणते, मला भूक नाही. तुम्ही जेवून घ्या.”

तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की निबंधात अनुभव लिहा, पाठ केलेले लिहू नका. एकाने लिहिला, तर मी त्याचे व्याकरण पाहिले. चाळीस वह्यांतली ती एकच आई खरी होती आणि नेमक्या तिच्यावर मी वर्गाला हसवले होते.

क्षमा मागायची तर जेथे अपराध झाला तेथेच मागायला हवी. मी त्याला घेऊन वर्गावर गेलो. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या : ‘कंबर कसणे’, ‘पोटाला चिमटा घेणे’, ‘पेटे पाटा बांधवा’. तिन्हींचे अर्थ समजावून सांगितले आणि म्हणालो, “काल मी चुकलो. याचे वाक्य बरोबर होते. मला ते वाचता आले नाही.” या वेळी कोणी हसले नाही. वहीतली तांबडी रेघ पुसता येण्यासारखी नव्हती. तिच्याखाली मी ‘योग्य’ असे लिहिले, सही केली आणि कापलेला गुण परत दिला. सहकाऱ्यांच्या मदतीने त्याच्या वह्या-पुस्तकांची सोयही पुढे झाली. पण तिचे मोल त्या एका गुणाइतके त्याला वाटले असेल, असे मला वाटत नाही.

तांबडी शाई अजून माझ्या खिशात आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझा स्वभाव मुळीच निवळलेला नाही. मात्र एखादा अनोळखी प्रयोग दिसला, की त्याखाली आता मी रेघ ओढत नाही. समासात शिसपेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्ह काढतो आणि मुलाला जवळ बोलावून विचारतो, “हे तुमच्या घरी कोण म्हणते रे?”