कपाळावरची राख

१४ फेब्रुवारी २०१८, बुधवार. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे आदल्या दिवशी महाशिवरात्र होती आणि बनेश्वरच्या रांगेत उभं राहून माझे पाय भरून आले होते. सासर नसरापूरचं असलं की महाशिवरात्र चुकत नाही. सगळे पाहुणे आपल्याच घरी उतरतात. भगर, शेंगदाण्याची आमटी, चहा, परत चहा. रात्री दर्शनाला गेले तेव्हा गुरवानं भस्माची पुडी हातावर ठेवली. ती पर्समध्ये टाकली आणि सकाळी तीच पर्स उचलून शाळेत आले.

शाळा सिस्टर लोकांची. पुणे-सातारा रस्त्याच्या अंगाला, मागे भातखाचरं. इंग्रजी माध्यम, प्राथमिकचे वर्ग, आणि त्यांना मराठी शिकवायला मी. लागून आठ महिने झाले होते. माझं माहेर वेल्ह्याचं. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी वेल्हंच.) जिल्हा परिषदेच्या शाळेत वाढलेल्या मला इथली शिस्त फार आवडली होती. दिवसाला चार प्रार्थना. सकाळी, डब्याआधी, डब्यानंतर आणि घरी सुटताना. वर्गात चाळीस मुलं, त्यातली कॅथलिक दोन-तीन. बाकीची सगळी आपली मावळातली. कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण ती इतक्या झटक्यात करायची, की अंगावरची धूळ उडवतायत असं वाटावं. एक पोरगा तर खूण झाली की हात ओठांना लावून परत छातीला लावायचा, गणपतीपुढे करतात तसं. सिस्टर बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मी मात्र त्याला दोनदा दटावलं होतं. नव्या माणसाला नियमांचा उमाळा जास्त असतो.

तर त्या बुधवारी. सकाळच्या प्रार्थनेआधी रांगेत नखं, रुमाल, केस तपासायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी डोळ्यांत तेल घालून करायचे. दुसरीची एक मुलगी रांगेत उभी होती. शांत, दोन घट्ट वेण्या. तिच्या कपाळाच्या मधोमध काळपट डाग. चुलीपाशी बसून आली असेल असं वाटलं. ‘आरशात बघत नाहीस का गं?’ म्हणत मी तिचा रुमाल घेतला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि खसाखसा पुसलं. डाग जात नव्हता म्हणून दुसऱ्यांदा पुसलं. ती एक पाऊल मागं सरली. मी तिची हनुवटी धरली आणि काम पुरं केलं. कपाळ लाल झालं. ती काहीच म्हणाली नाही.

मग घंटा झाली आणि कॉन्व्हेंटच्या दारातून सिस्टर बाहेर आल्या. एक, दोन, तीन, चार. चौघींच्याही कपाळावर तोच काळपट डाग.

मोठ्या सिस्टरनी मुलांना माइकवरून समजावून सांगितलं: आज राखेचा बुधवार, आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, आणि माणूस मातीतून आला, मातीतच जायचा आहे, याची आठवण म्हणून कपाळाला राख. सकाळी साडेसहाला चॅपेलमध्ये मिस्सा झाला होता. मुलगी आजीबरोबर त्याला जाऊन आली होती. मी रांगेच्या टोकाला उभी होते, तिथून तिचं घासून चकचकीत झालेलं कपाळ सारखं दिसत होतं.

आता गंमत बघा. लहानपणी परीक्षेला निघताना आई तोरण्यावरच्या मेंगाईचा अंगारा कपाळाला लावायची. तो कुणी पुसला असता तर मी शाळा डोक्यावर घेतली असती. अंगारा म्हणजे काय, भस्म म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं; पुडी तर पर्समध्येच होती. पण कॉन्व्हेंटच्या आवारात, ख्रिस्ती पोरीच्या कपाळावर राख असेल हे डोक्यात येईना. त्यांच्यात मेणबत्त्या असतात, राख आपल्यात असते, अशी काहीतरी वाटणी मी मनातल्या मनात करून ठेवली असणार.

इथवर चूक अजाणतेपणी झाली असं म्हणता येईल. पुढची नाही.

दुपारी आजी न्यायला आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मूळची राहुरीकडची, मुलगा शिरवळच्या एमआयडीसीत लागला म्हणून इकडे आलेली. तिनं आधी नातीचं कपाळ बघितलं, मग मला विचारलं, ‘बाई, पोरीची राख कुठं गेली?’ आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. आणि मी म्हणाले, ‘घामानं पुसली गेली असेल हो, आज ऊन किती आहे.’

मुलगी आम्हा दोघींच्या मध्ये उभी होती. तिनं वर माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे, मग आपल्या बुटांकडे.

आजी म्हणाली, जाऊ द्या, देवानं तर बघितली ना. आणि जाता जाता तिनं मला ती राख कशी होते तेही सांगितलं. ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, देवळातून आशीर्वादाच्या झावळ्या मिळतात. त्या वर्षभर घरात तसबिरीमागे खोचून ठेवायच्या आणि वाळल्या की देवळात आणून द्यायच्या. त्यांची ही राख. ‘मागच्या साली आमच्या घरातल्या झावळ्या मी दिल्या होत्या,’ ती म्हणाली. आता देऊळ म्हणताना तिला चर्च म्हणायचं होतं हे कळायला मला क्षण लागला. तिचं मराठी माझ्याहून स्वच्छ होतं. पिशवीत ‘निरोप्या’चा अंक होता. हे मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेजुइटानं सुरू केलं. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. हे सगळं मी नंतर शोधून वाचलं. बी.ए.ला मराठी घेऊन ‘ख्रिस्तपुराणा’वर मी पानभर उत्तर लिहिलं होतं: फादर स्टीफन्स, १६१६, मराठीचं कौतुक. मार्कही पडले होते. मूळ ओवी मात्र एकही वाचली नव्हती.

न वाचता मार्क मिळवायची ही कला मी पुढे मुलांनाही शिकवली.

त्या ऑक्टोबरची गोष्ट. आपल्याकडे डॉ. कलामांचा वाढदिवस, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. मी भिंतीवर तक्ता लावला. डावीकडे मुलांची नावं, पुढे प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाला एक चांदणी. चांदणी हवी तर वहीत पुस्तकाचं नाव लिहून आणायचं. मुलं नुसती तुटून पडली. महिन्याभरात तक्ता चांदण्यांनी भरला, त्याच्या कडेनं मी झेंडूची माळ लावली, आणि मोठ्या सिस्टर पाहुण्यांना मुद्दाम आमच्या वर्गात आणायला लागल्या.

मराठी पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला होतं, काचेच्या दारांचं. पुस्तकं देणगीतून आलेली, कोरी. मुलं फाडतील, मग हिशेब मला द्यावा लागेल, या भीतीनं मी त्याला कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये, त्याच त्या पुडीशेजारी. दिवाळीपर्यंत कपाट एकदाही उघडलं नव्हतं. आणि तक्त्यावर चांदण्या मावत नव्हत्या. ही दोन वाक्यं एकाखाली एक मांडायला फार हुशारी लागत नाही, पण मी मांडली नाहीत. मुलं मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं उतरवून घ्यायची. एकानं तर पुस्तकाचं नाव म्हणून प्रकाशनाचं नाव लिहिलं होतं. त्यावर माझी लाल शाईतली बरोबरची खूण आहे. ती वही मी अजून जपून ठेवलीय.

हे फुटलं ते त्याच मुलीमुळे. आता ती तिसरीत होती आणि शनिवारी सिस्टरांकडे धर्मशिक्षणाला बसायची. पहिल्या कम्युनियनआधी पहिलं कन्फेशन असतं, फादरांपुढे आपल्या चुका सांगायच्या. जानेवारीतल्या एका दुपारी, डब्याच्या सुट्टीत, ती माझ्या टेबलापाशी आली.

‘टीचर, पापं किती लागतात?’

‘लागतात म्हणजे?’

‘फादरना सांगायला. माझी दोनच झालीत. आजीला उलट बोलले आणि भाऊचा खडू लपवला. तिसरं पुस्तकांचं सांगू का?’

‘कुठल्या पुस्तकांचं?’

‘चांदण्यांची. मी नाही वाचली ती. कपाट बंद होतं ना.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. यादी पुरी व्हावी एवढीच काळजी होती. मी म्हणाले, ‘ते नको सांगूस. ते तुझं नाही, माझं आहे.’ तिला ते पटलं असावं, पण लगेच तिनं विचारलं, ‘मग तुम्ही फादरना सांगणार?’

‘आमच्यात तसं नसतं गं.’

‘मग तुमच्यात काय करतात?’

माझ्या डोळ्यांसमोर एकादशी, गंगेचं पाणी, सत्यनारायण असं बरंच काही येऊन गेलं, पण आठ वर्षांच्या मुलीला सांगण्याजोगं त्यातलं एकही सापडेना. मी तिला डबा संपवायला पाठवलं. आणि खरं सांगायचं तर मी दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होते, ती राखेचं काढते का याची. तिनं काढलं नाही. तिच्या यादीत ते असायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी सुटल्यावर मी कपाट उघडलं. आत डांबरगोळ्यांचा वास. खालच्या फळीवरच्या पुस्तकांना कसर लागली होती. मुलांपासून वाचवून मी ती किड्यांना वाढली होती. तक्ता उतरवताना माळेतला वाळका झेंडू सगळीकडे सांडला. मोठ्या सिस्टरना जाऊन सांगितलं की चांदण्या खोट्या आहेत. त्यांनी विचारलं, मुलांना काय सांगणार? मी म्हणाले, कपाट उघडं ठेवते. त्या ‘बरं’ म्हणाल्या. राखेचं मात्र मी त्यांनाही सांगितलं नाही. एका दिवसात एवढंच झेपलं.

पहिल्या आठवड्यात दोन पुस्तकांची पानं सुटली आणि एकावर लोणच्याचं तेल सांडलं. त्या तेलकट पुस्तकाला सगळ्यात जास्त मागणी होती. ती मुलगी ओळीखाली बोट धरून वाचायची, सावकाश, ओठ हलवत. एरवी मी ‘बोट काढ’ म्हणून ओरडले असते. वाचनाच्या परीक्षेत बोटाचा अर्धा मार्क मी कापायचे. पण फाटकापाशी बाकावर तिची आजी ‘निरोप्या’ वाचताना मी पाहिली होती. तिचंही बोट ओळीखाली, तेही तितकंच सावकाश, आणि ओळ संपली की ते बोट क्षणभर थांबायचं. अर्धा मार्क कापणं मी बंद केलं.

ती मुलगी चौथीत असताना, २०१९च्या डिसेंबरात, वर्गाची सहल काढली. लांब कुठे नाही, बनेश्वरला. झाडी आहे, कुंडात मासे आहेत, मुलांना पळायला जागा आहे. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. तिथली घंटा वसईची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा ज्या घंटा तिथून आणल्या त्यातली ही एक, असं मानतात. लग्न झाल्यापासून मी ती शेकडो वेळा वाजवली असेल. हात वर करायचा, टोला द्यायचा, पुढे सरकायचं.

बाकीची मुलं उड्या मारून घंटेला हात लावत होती. ही पायरीवर चढून मान वर करून उभी राहिली आणि धातूखाली बोट धरल्यासारखं हवेत बोट फिरवत म्हणाली, ‘टीचर, यावर क्रॉस आहे. आणि लिहिलंय. एक, सहा, आठ, तीन.’

मी बघितलं. होतं. क्रूस होता आणि खाली १६८३ होतं.

‘आमच्या चर्चची आहे का?’

‘वसईच्या चर्चची,’ मी म्हणाले, आणि चिमाजी अप्पांची गोष्ट सांगितली, जशी मला सांगितली गेली होती तशी, जरा छाती फुगवून. तिनं ती पूर्ण ऐकून घेतली.

‘मग परत नाही दिली?’

‘चला, मासे बघायचेत ना,’ मी म्हणाले आणि टाळ्या वाजवून सगळ्यांना कुंडाकडे पिटाळलं.

निघताना गुरवानं सगळ्या पोरांना ओळीनं उभं करून कपाळाला भस्म लावलं. कोण कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. व्हॅनमध्ये ती माझ्या शेजारी बसली. चेलाडी फाटा ओलांडल्यावर हळूच म्हणाली, ‘टीचर, हे पुसायचं का?’ मी म्हणाले, ‘घरी गेल्यावर आजीला विचार.’

खिडकीतून वारा येत होता. कापूरहोळपर्यंत तिनं कपाळावर आडवा हात धरून ठेवला होता. भस्म उडू नये म्हणून, की मला दिसू नये म्हणून, हे विचारायचा मला धीर झाला नाही.