गॅरंटीचा कागद आणि गळका स्लॅब

आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे दाखले आणि यांचे कंपनीचे कागद असतात. त्यांच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक गॅरंटीचा कागद आहे, मे 2015 चा. ‘दहा वर्षे गळणार नाही’ असे त्यावर छापले असून खाली गोल शिक्का मारला आहे.

आमचे हे धाटावच्या एमआयडीसीत कामाला होते. 2008 साली फंडातून पैसे काढून आम्ही कोलाडला दोन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधले. सासूबाईंना केवढा आनंद झाला होता! दरवर्षी आगोटीच्या आधी कौले परतता परतता त्यांचा जन्म गेला होता. “आता शाकारणीची कटकट नाही,” असे त्या आल्यागेल्याला सांगत. पण रायगडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो. त्याच्यापुढे नुसता स्लॅब किती टिकणार? सहाव्या पावसाळ्यात छताला ओल धरली आणि सातव्या पावसाळ्यात सासूबाईंच्या खाटेजवळ पातेले ठेवायची वेळ आली. त्यांना दम्याचा त्रास होता. ओलीच्या वासाने रात्र रात्र खोकत बसायच्या.

त्याच सुमारास नाक्यावर एक वॉटरप्रूफिंगवाला यायचा. त्याने 32,000 रुपये सांगितले. यांचे म्हणणे होते, आपल्या ओळखीच्या गवंड्याकडून थोडक्यात करून घेऊ. पण मला दहा वर्षांच्या गॅरंटीची भुरळ पडली. बचत गटातून 20,000 कर्ज काढले आणि उरलेले घरातून घातले. हा हट्ट माझाच होता, हे इथे कबूल करते.

त्याची माणसे दोन दिवसांत काम उरकून गेली. जुन्या कोब्यावरच त्यांनी पांढरा लेप फासला. काम कसे व्हायला हवे होते ते मला पुढे गवंड्याने समजावले. पोकळ झालेला कोबा फोडायचा, खालच्या भेगा भरायच्या, पाण्याला उतार द्यायचा आणि मग स्लॅबवर चार-आठ दिवस पाणी साठवून खालून छत बघायचे. यातले काहीच झाले नव्हते. पाणी साठवून दाखवा, असे मी त्याला म्हटले असते तर तिथेच कळून चुकले असते. पण माझे सगळे लक्ष त्या शिक्क्याकडे!

2017 च्या जुलैत छत पुन्हा गळू लागले. फोन लावला तर तो बंद. कागदावरच्या पत्त्यावर हे दोनदा जाऊन आले, तिथे दुसरेच दुकान निघाले. मग रात्री दिव्याखाली बसून आम्ही प्रथमच त्या कागदाची मागची बाजू वाचली. इमारतीला तडे गेल्यास गॅरंटी रद्द. वर टाकी बसवल्यास रद्द. अहो, टाकी तर तो आला तेव्हाच वर होती! हप्ते मात्र गटाला वेळेवर भरावेच लागले, कारण तिथल्या बायका आपल्याच आळीतल्या.

ग्राहक आयोगाची माहिती आम्हाला फार उशिरा मिळाली. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील लागतोच असे नाही, आणि आता व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फीही नाही. आम्हाला कळले तेव्हा ती मुदत उलटून गेली होती.

2018 साली शेवटी सगळे करतात तेच केले, स्लॅबवर पत्र्याची शेड घातली. गळती थांबली. पुढे 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपारच्या तासाभरात निम्मे पत्रे शेजारच्या शेतात जाऊन पडले. सासूबाई भिंतीला धरून बसल्या होत्या. त्यानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती आणि पत्र्यांचे भाव तर विचारायलाच नको.

वादळाला कोणाची गॅरंटी चालत नाही, तिथे विमा लागतो. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराची पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळते. आग, वादळ, पूर, वीज पडणे, दरड कोसळणे हे सारे तिच्यात येते. घराच्या विम्याच्या 20 टक्के, पण दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही संरक्षण मिळते. जुनेपणाने झिजलेले किंवा ओलीने खराब झालेले त्यात येत नाही. आम्ही ती घेतली आहे. कोलाडला कुंडलिका आहे, समुद्रही फार लांब नाही. हा खर्च मला वाया गेला असे वाटत नाही.

मागच्या महिन्यात मुलाने पनवेलला फ्लॅटचा ताबा घेतला. फोनवर विचारत होता, “आई, दुकानदार म्हणतो फ्रीजची वॉरंटी जादा पैसे भरून वाढवून घ्या. घेऊ का?” मी म्हटले, आधी फ्रीजबरोबरचे कार्ड वाच. पुष्कळ फ्रीजच्या कॉम्प्रेसरला कंपनीच दहा वर्षे देते. तेच पुन्हा विकत कशाला घ्यायचे? ते पैसे पोस्टात टाक, फ्रीज बिघडला तर काढता येतील.

मग त्याला फ्लॅटबद्दल विचारले. फुकटची वॉरंटी तिथेच असते. रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला, तर कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. आमच्याकडे आठ-आठ घरांच्या छोट्या इमारती उभ्या राहतात, त्यांना रेराची नोंदणी सक्तीची नाही. पण त्याची इमारत मोठी आहे आणि नोंदलेली आहे.

“ओल कुठेच दिसत नाही गं,” तो म्हणाला.

“पाऊस कुठे पडलाय अजून?” मी म्हटले. “पहिल्या पावसात बाथरूमच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघ. फोटो काढ, तारीख लिही आणि बिल्डरला लेखी कळव. नुसता फोन करू नकोस. पोच घे.”

“आणि ती पोच ठेवू कुठे?” त्याने हसत विचारले.

मी म्हटले, एक प्रत इकडे पाठव. ट्रंकेत जागा आहे.