दादा, शेरडांविषयी

पुणे, अक्षय्य तृतीया

ती. दादास,


काल फोनवर तू चिडला होतास म्हणून मी पुढचं बोलले नाही. तसंही फोनवर तू मला कुठे बोलू देतोस? बैलजोडी विकल्याचं वहिनीनं आधीच कळवलं होतं, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वर्षभर दोन बैलांना वैरण घालायची आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं करायची, यात राम नव्हताच. मला खटकलं ते तुझं पुढचं बोलणं. त्या पैशांत शेळ्या घेऊ असं वहिनी म्हणाली, तर तू म्हणालास, "बागाईतदाराच्या दारात शेरडं? म्हणजे आपण मागं चाललो."

हे मागं-पुढं तुझ्या डोक्यात कुठून शिरलं ते मला ठाऊक आहे. आपण दोघांनी एकाच शाळेत तेच पाठ केलं होतं: आधी शिकार, मग गुरं राखणं, मग शेती, मग गाव, मग शहर. एक एक पायरी चढत माणूस शहाणा होत गेला आणि वर गेलेला पुन्हा खाली काही आला नाही. पण हा जिना चढून निम्मा उतरलेलं एक गाव तुझ्याच तालुक्यात आहे.

घोड नदीच्या काठचं इनामगाव. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी माणसं. शंभरावर घरं उघडी पडली. इ. स. पू. १६०० च्या सुमारास लोक तिथे राहायला आले आणि ७०० च्या आसपास उठून गेले. नऊशे वर्षं एकाच जागी! आपल्या वाड्याला दीडशे वर्षं झाली म्हणून आपण केवढी मिजास करतो.

घर कसं होतं ते सांगते, म्हणजे तुला ते परकं वाटणार नाही. चौकोनी, ऐसपैस, मातीच्या ठेंगण्या भिंती, वर गवताचं शाकार. आत चूल. एका अंगाला कणगी ठेवायला मातीचा गोल ओटा, जमिनीत पेव, आणि चार पायांच्या रांजणासाठी भुईत बसवलेले चार चपटे दगड. म्हणजे घराची निम्मी मांडणी धान्य साठवण्यासाठी. मुख्य पीक जव. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. यातले जव-गहू आणि शेळ्या-मेंढ्या मूळच्या पश्चिम आशियातल्या. तिकडे दहाएक हजार वर्षांपूर्वी माणसाच्या हाताला लागलेली ही पिकं आणि जनावरं पिढ्यान् पिढ्या सरकत घोडेच्या काठी पोचली. वशिंडाचा बैल सिंधूच्या बाजूचा. बोलन खिंडीजवळच्या मेहरगढला त्याला माणसाळवल्याच्या खुणा आहेत. हुलगा मात्र आपल्याकडचा. तुझ्या रोजच्या ताटात इतक्या मुलखांचा माल तेव्हाच येऊन पडला होता.

बैल त्यांनाही जवळचाच होता. एका घराच्या भुईखाली मातीची पेटी सापडली. तिच्याबरोबर बिनडोक्याची एक स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल. मूर्तीला भोक आहे, बैलाच्या पाठीवरही आहे. काडी घातली की ती बैलावर नीट बसते. पण त्याच गावात गाईबैलांच्या हाडांवर सुरीच्या खुणाही आहेत. म्हणजे पुजत होते आणि खातही होते. (हे अण्णांसमोर मोठ्यानं वाचू नकोस.)

आता साठवणीकडे येते, कारण माझ्या मते खरा बदल तिथे झाला. शिकारीचं मांस दोन दिवसांत नासतं, ते वाटूनच खावं लागतं. जव वर्षभर टिकतो. टिकतो म्हणून राखावा लागतो, मोजावा लागतो, आणि ते कुणीतरी करावं लागतं. इनामगावच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर निघालं, गावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक, आणि धान्याचं कोठार त्याला लागूनच. कुंभार, सोनार, चुना भाजणारे वस्तीच्या पश्चिम कडेला. मध्यात सुखवस्तू घरं. नदीचं पाणी वळवायला पाट काढला होता, त्याला बांध होता. असं काम एकट्याच्या घरचं नव्हे; कुणीतरी हुकूम सोडल्याशिवाय ते व्हायचं नाही. ढवळीकरांनी त्या पाचखणी घरात गावचा नायक बसवला, आणि मला ते पटतं. त्याच्या अंगणात एक पुरुष पुरलेला सापडला, चार पायांच्या पोटफुगऱ्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला. मेल्यावरही रांजणात! बाकीची मोठी माणसं साध्या खड्ड्यात उताणी निजवलेली, घोट्यापासून पाय तोडलेली. ते का, यावर अभ्यासकांचे तर्क आहेत. मेलेला माणूस भूत होऊन फिरू नये हा त्यातला एक.

लहान मुलांना दोन मडक्यांत ठेवत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच भुईखाली. आणि दादा, इनामगावातली बहुतेक दफनं मुलांचीच आहेत. घरात धान्य आलं की लापशी आली, लापशी आली की मूल लवकर अंगावरून तोडता येतं, आणि बाई लवकर पुन्हा गरोदर राहते. शेती आली तिथे माणसं वाढली त्याचं हे एक मोठं कारण. जन्मली जास्त आणि मेलीही जास्त, कारण एका जागी दाटीनं राहायचं, गोठा दाराशी, घाणही दाराशी. दळण-कांडण कुणाच्या वाट्याला आलं असेल ते तुला सांगायला नको. पाठ्यपुस्तकातल्या त्या पायरीवर ही बाई कुठेच नव्हती.

इ. स. पू. १००० च्या पुढे गाव बदलतं. ऐसपैस चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात, तीन-चार मिळून एक अंगण. गहू मागे पडतो. शेळ्या-मेंढ्यांची आणि हरणांची हाडं वाढतात. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला, शेती भागेना, तेव्हा लोक कळपाच्या मागे लागले आणि वर्षातला काही काळ गाव सोडून हिंडू लागले. सगळ्यांना हे मान्य नाही. दोष निव्वळ पावसाला देता येत नाही असंही मत आहे. पण उलट्या पायऱ्या उतरल्या हे नक्की. आणि उतरून ते तीनशे वर्षं तगले. पाऊस हुकला की पेव रिकामं होतं. कळपाला चार पाय आहेत, तो गवत असेल तिथे जातो.

फार गोड करून सांगत नाही. त्या उत्तरकाळातल्या मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याचं दिसतं. शेळ्यांनी त्यांचं भलं केलं असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू मुलखात जवावर सगळी मदार ठेवणं वेडेपणाचं होतं आणि त्यांनी ती ठेवली नाही, इतकंच मी म्हणते. शेतकरी आणि मेंढपाळ हे दोन जगांतले लोक, ही समजूतच मुळात चुकीची आहे. दिवाळीनंतर आपल्या मोकळ्या रानात वाघर लावून मेंढरं बसतात, तू त्यांना धान्य देतोस, आणि पुढच्या हंगामाची ज्वारी त्या लेंड्यांवर येते. कळपाशी तुझं नातं आहेच, फक्त तो तुझ्या दारात नको आहे.

आता कामाचं. उस्मानाबादीच घे, दुधाच्या मोहापायी दुसरीकडे वळू नकोस. बाजारातून आणलेली शेळी लगेच कळपात सोडू नका, तीन-चार आठवडे निराळी बांधा. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. गाभडलेल्या शेळीला उघड्या हातानं कुणी शिवायचं नाही, हे वहिनीला बजावून सांग. ब्रुसेलोसिस माणसाला होतो आणि तापानं महिनोन्महिने छळतो. जनावरांबरोबर राहायला लागल्यापासून हे दुखणं आपल्या मागे आहे.

आणि शेळ्या वहिनीच्या नावावर घ्यायच्या. दोन शेळ्यांचे पैसे मी पाठवते, अर्धलीनं. करडांची वाटणी वहिनी करील. त्यात तू पडायचं नाहीस.

अण्णांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
माई