मान फिरवण्याची रीत

झोपडपट्टीचे चित्रण 'वास्तव' आहे की नाही, या प्रश्नापायी आपल्या समीक्षेची बरीच शक्ती खर्ची पडली आहे. मला त्याहून निकडीचा वाटतो तो प्रश्न पाहणाऱ्याच्या जागेचा. पाहणारा त्या वस्तीत कोठे उभा असतो आणि तेथील माणसांच्या लेखी तो कोण असतो?

जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला. लोकार्नोच्या महोत्सवात तो सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही यथोचितच. परंतु जाहिरातीसाठी निवडले गेले ते अम्माच्या उघड्यावरील स्नानाचे दृश्य. 'वास्तव' या शब्दाने त्याचे समर्थन करता येते, आणि ते अगदीच खोटे नव्हे: घरात नळ नसला की स्नान उघड्यावरच होते.

माझ्या एम.ए.च्या वर्गात राजेंद्रनगरसारख्या वस्त्यांतून येणारी मुलेमुली असतात. या दृश्याची चर्चा चालू असता एक विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत बाई दारातल्या दगडावर अंघोळीला बसली की येणारा-जाणारा मान फिरवतो. हा का फिरवत नाही?" 'हा' म्हणजे कॅमेरा. भिंती नसतात तेथे फिरवलेली मान भिंतीचे काम करते. ही रीत सदैव पाळली जाते असे नाही. पण मोडली तर गल्लीत भांडण होते. चित्रपटगृहात ती मोडण्यासाठीच तिकीट काढले जाते.

कोल्हापुरातच बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला. जमीन गमावून शहरातील गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. शेतकरी झाले होते तरुण शांताराम. तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. मात्र जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात राहिले ते अंधूक उजेडातील एक भकास झोपडे आणि त्यापाशी रडणारे कुत्रे. पेंटर मूळचे पडदे रंगवणारे. अंधाराचा उपयोग त्यांना ठाऊक होता. दारिद्र्य दिसण्यासाठी तेथे देह उघडा करावा लागला नाही. अर्थात अंधारही निर्दोष नव्हे. मान फिरवणे आणि दखलच न घेणे यांत अंतर थोडे, आणि आपल्या जातिव्यवस्थेने दुसऱ्या प्रकाराचा सराव शतकानुशतके केला आहे.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) डुकरे धरणाऱ्या जब्याला गाव तमाशासारखे पाहते. शालूच्या नजरेस पडू नये म्हणून तो लपत राहतो. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. वर्गात त्या क्षणी टाळ्या पडतात. तो दगड आपल्याच दिशेने येतो आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येते याविषयी मला शंका आहे. पुढील वर्षी दोन्ही चित्रपट एकाच आठवड्यात, आधी 'फँड्री' आणि मग 'चक्र', असे दाखवावेत असा विचार आहे.